घाट एक, जिल्हे दोन : सह्याद्रीतल्या घाटांबाबत खुले पत्र

प्रति,
जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण : पुणे, रायगड, ठाणे, सातारा, रत्नागिरी
उपवनसंरक्षक, संबंधित प्रादेशिक व वन्यजीव विभाग
कार्यकारी अभियंता, सार्वजनिक बांधकाम विभाग, प्रत्येक घाटाच्या दोन्ही बाजूंचे

विषय : घाटरस्ते व घाटवाटांसाठी दोन्ही जिल्ह्यांचा एकच आदेश, एकच नोंदवही आणि पावसाळ्याआधी करायची कामे

महोदय,

दरवर्षी जूनमध्ये, किंवा पहिली मोठी दुर्घटना घडली की लगेच, आपल्या कार्यालयातून मनाई आदेश निघतो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघायचा, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. मजकूर साधारण तोच असतो : धबधबे, धरणे, गडकिल्ले आणि घाट या ठिकाणी थांबणे, पाण्यात उतरणे, गर्दी करणे मना. ३० जून २०२४ ला भुशी धरणाजवळच्या प्रवाहात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर असा आदेश काढू नये, असे कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही, आम्हीही म्हणत नाही.

आमचे म्हणणे आदेशाच्या हद्दीबद्दल आहे. सह्याद्रीच्या धारेवरून बहुतेक ठिकाणी जिल्ह्याची हद्द जाते. वरंधा घाटाचा माथा भोर तालुक्यात, पायथा महाडात. आंबेनळीचे वरचे टोक महाबळेश्वरला, खालचे पोलादपूरला. कुंभार्ली पाटण आणि चिपळूणच्या मधला. नाणेघाट वरून जुन्नरचा, खालून मुरबाडचा. खांडसहून शिडी घाटाने किंवा गणेश घाटाने भीमाशंकरला चढणारा माणूस कर्जत तालुक्यात चालायला लागतो आणि पुणे जिल्ह्यात पोचतो. मढे आणि उपांड्या या दोन्ही घाटांचा माथा केळदला, राजगड तालुक्यात, आणि उतार महाड तालुक्यातल्या कर्णवाडीकडे.

पुण्याचा आदेश धारेवर संपतो. पलीकडचा निघालाच असेल तर त्याच्या तारखा, वेळा आणि यादी त्या कार्यालयाच्या. केळदला बंदोबस्त लावला आणि कर्णवाडीला नाही, तर घाट अर्धाच बंद होतो. त्यातून जास्त धोका निर्माण होतो : खालून चढून आलेला दमलेला गट दुपारी तीनला माथ्यावर अडवला जातो आणि त्याला त्याच ओल्या वाटेने परत उतरवले जाते. घाटवाटेवर घसरण्याचे प्रसंग उतरतानाच जास्त येतात, तेही दिवसाच्या शेवटी, मांड्या थरथरायला लागल्यावर.

म्हणून पहिली मागणी : घाटाचे नाव घेऊन, दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचा एकच आदेश काढा. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ खाली आपण दोघेही आपापल्या जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष आहात, त्यामुळे अधिकाराचा प्रश्न नाही. आदेशात चार गोष्टी हव्यात : कोणता टप्पा बंद, कुणासाठी बंद, दिवसाच्या कोणत्या वेळेत बंद, आणि उघडण्याची अट काय. ‘परिसरात मनाई’ या शब्दांचा अर्थ नाक्यावरचा हवालदार आणि समोरचा माणूस आपापल्या सोयीने लावतात. धबधब्याखाली जाणे आणि घाटरस्त्याने पलीकडच्या गावाला जाणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. दुसरी बंद करायची असेल तर दरड हे कारण लिहा, आणि मग ती मोटारींनाही बंद असली पाहिजे.

वेळेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आदेशातल्या वेळा मोटारीच्या हिशेबाने ठरतात. सामान लादलेली सायकल सहा-सात टक्के चढावर ताशी सहा ते आठ किलोमीटर जाते. बारा किलोमीटरच्या घाटाला दीड ते दोन तास, पाण्याला थांबणे वेगळे. नाका संध्याकाळी पाचला बंद होणार असेल आणि पायथ्याचा पोलीस साडेचारला सायकलस्वाराला ‘अजून अर्धा तास आहे, जा’ म्हणत असेल, तर तो त्याला धुक्यात आणि अंधारात ढकलतो आहे. सायकलसाठी चढाच्या बाजूचा शेवटचा प्रवेश नाका बंद होण्याआधी किमान अडीच तास हवा.

पायवाटेचा हिशेब याहून कडक आहे. सहाशे-सातशे मीटर उताराला सरावाचा माणूस दीड-दोन तास घेतो, पंधरा जणांचा मिश्र गट साडेतीन घेतो. त्यात एखादा कातळटप्पा किंवा शिडी असली, की प्रत्येकी चार मिनिटे धरली तरी एक तास तिथेच जातो, आणि आधी उतरलेले खाली दगड पडण्याच्या टप्प्यात उभे राहतात. जून-जुलैत पुण्याकडे सूर्य सातनंतर मावळतो, पण ढग माथ्यावर टेकले की गर्द रानात साडेपाचलाच पायाखालचा दगड ओला की कोरडा ते कळत नाही. उतरल्यावर कोकणातल्या वाडीतून मोठ्या रस्त्यापर्यंतची चाल आणि शेवटची एसटी हाही हिशेब आहेच. माथ्यावरून पायी उतरणाऱ्यांना शेवटचा प्रवेश सकाळी अकराचा ठेवा. आमच्यातल्याच काही मंडळींना हे आवडणार नाही. त्यांनी लवकर उठावे.

आता बांधकाम विभाग. ब्रेक, टायर, दिवे ही आमची जबाबदारी आहे, ती तुमच्यावर ढकलत नाही. ओल्या रिमवर रबरी ब्रेक पहिली दोन-तीन चक्रे फक्त पाणी पुसतो, त्यामुळे थांबायचे अंतर कोरड्याच्या दुप्पट धरावे लागते. लांब उतारावर ब्रेक दाबूनच ठेवला तर रिम तापून ट्यूब फुटू शकते, म्हणून वळणाआधी जोरात आणि मग सोडून, असा पुढचा-मागचा ब्रेक वापरायचा. लाल मातीचे पाणी डिस्कच्या पॅडला कानशीसारखे खाते, मसाला एक मिलिमीटर उरला की पॅड बदलायचा. पंक्चरचे सामान, जास्तीचे पॅड आणि दिवसाही चालू ठेवायचा मागचा लाल दिवा नसलेल्याने घाटात येऊ नये, असे आम्ही आमच्या लोकांना सांगतोच. पण खालच्या गोष्टी सायकलस्वाराच्या हातात नाहीत.

पहिली गोष्ट मोऱ्यांची, म्हणजे डोंगराकडचे पाणी रस्त्याखालून पलीकडे नेणाऱ्या नळ्यांची. घाटातला रस्ता खचतो तो बहुतेक वेळा तुंबलेल्या मोरीमुळे. डोंगराकडच्या गटारात पालापाचोळा, माती आणि प्लास्टिक अडकते, मोरीचे तोंड बुजते, पाणी डांबरावरून दरीच्या बाजूला जाते आणि बाहेरच्या कडेचा भराव खालून पोखरतो. वरून डांबर शाबूत दिसते, खाली पोकळी असते. मोटार मधून जाते, सायकलस्वाराला मात्र मागची वाहने कडेलाच ढकलतात, म्हणजे पोकळीच्या नेमके वर. ३१ मेपूर्वी मोऱ्या साफ होतात असे कागद सांगतात. होतही असतील. पण रानातला वर्षभराचा पाला पहिल्या दोन मोठ्या सरींबरोबर खाली येतो, तेव्हा खरी सफाई जूनच्या तिसऱ्या आठवड्यात लागते. तीच होत नाही. ठेका देताना दोन फेऱ्या लिहा.

दुसरी गोष्ट साइडपट्टी. डांबराचा नवा थर चढवला की कडेची मुरमाची पट्टी तशीच खाली राहते. चार ते सहा इंचांची पायरी तयार होते. मोटारीला वाट देताना सायकलचे पुढचे चाक त्या पायरीवरून उतरले, की परत वर घेताना टायर कडेला घासतो आणि माणूस रस्त्याच्या मध्ये, मागच्या वाहनासमोर पडतो. थर चढवला त्याच आठवड्यात साइडपट्टी भरून दाबली पाहिजे.

काँक्रीटच्या रस्त्यात लांबीच्या दिशेने जाणारे सांधे असतात. भरण निघून गेले की फट दोन-अडीच सेंटिमीटरची होते, कडा झिजल्या की त्याहून रुंद. सायकलचा टायर २५ ते ३२ मिलिमीटरचा. चाक फटीत शिरले तर हँडल फिरत नाही आणि ब्रेक मारणे आणखी वाईट. गटारावरच्या जाळ्यांचेही तेच : पट्ट्या रस्त्याच्या दिशेने बसवल्या तर ती चाक धरायची पकड होते, आडव्या बसवल्या तर काहीच होत नाही. खर्च एकच, फक्त जाळी फिरवून बसवायची.

रंबलर, म्हणजे वेग कमी करायला रस्त्यावर आडव्या मारलेल्या जाड पट्ट्या, वळणाआधी लावतात, तेही उतारावर. नेमकी तीच जागा सायकलस्वाराच्या ब्रेक मारण्याची. थर्मोप्लास्टिकच्या पांढऱ्या पट्ट्या पावसात साबणासारख्या होतात, आणि हादऱ्यांनी चाक रस्त्यावरून उचलले जाते तेव्हा ब्रेक मारला तर ते तिथेच घसरते. काढून टाका असे म्हणत नाही, मोटारींचा वेग त्यांनीच कमी होतो. डाव्या कडेपासून एक मीटर जागा मोकळी सोडा, म्हणजे सायकल आणि दुचाकी तिथून जाईल. फक्त ती मोकळी जागा उघड्या गटाराच्या तोंडाशी संपू देऊ नका.

खड्डे खडी-मुरमाने बुजवले की ती खडी आठवड्याभरात वळणाच्या बाहेरच्या बाजूला पसरते. जुलैपासून सावलीतल्या वळणांवर पांढऱ्या रेषेबाहेर हिरवे शेवाळ धरते. यंत्र लागत नाही, मजूर, खराटा आणि ब्लीचिंग पावडर पुरते, तेही मोजक्याच वळणांवर. कोणती वळणे ते आम्ही किलोमीटरच्या दगडासकट लिहून देऊ.

आणि एक फलक, ज्यावर फारसा खर्च नाही : ‘चढणाऱ्याला आधी वाट द्या’. मोटार वाहन चालनविषयक २०१७ च्या नियमांत अरुंद डोंगरी रस्त्यावर उतरणाऱ्या वाहनाने चढणाऱ्याला वाट द्यावी असे आहे. रविवारी घाटात हा नियम कुणालाच माहीत नसतो, आणि ज्याला माहीत असतो त्याच्या मागचा हॉर्न वाजवतो.

दरडीबद्दल अभियंत्यांना आम्ही काय सांगावे? २२ जुलै २०२१ च्या आसपास महाबळेश्वरला जो पाऊस झाला, त्यात आंबेनळीचे काय झाले आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कशी कोसळली, हे आपण पाहिले आहे. मागणी इतकीच, की नाक्यावरच्या माणसाला दरडीच्या खुणा शिकवा आणि रस्ता थांबवायचा अधिकार द्या. रस्त्यावर मुठीएवढे ताजे दगड दिसू लागणे, नेहमी स्वच्छ वाहणाऱ्या झऱ्याला अचानक मातकट पाणी येणे किंवा तो एकदम आटणे, उतारावरची झाडे एका बाजूला कलणे, डोंगराकडच्या कठड्याला नवा तडा जाणे. यातले काहीही दिसले की दोन्ही बाजूंनी वाहतूक थांबवायची. मंत्रालयापर्यंत फोन जाऊन उत्तर येईपर्यंत डोंगर थांबत नाही. आणि पाऊस थांबला म्हणून लगेच उघडू नका, भिजलेला उतार उन्हातही सुटतो.

आता वन विभाग आणि पायवाटा. लोक घाटवाटेवर का चुकतात, हे नीट समजून घेतल्याशिवाय कुठलाही फलक उपयोगाचा नाही. सह्याद्री लाव्ह्याच्या आडव्या थरांचा बनला आहे. कडा, मग रानाचा सपाट पदर, मग पुन्हा कडा, अशी ती रचना. ओढा प्रत्येक थरावरून उडी मारतो. वाट चुकलेला माणूस ‘पाणी शेवटी खालीच जाणार’ असे म्हणून ओढ्यात उतरतो, एक-दोन छोटे टप्पे बसून-घसरून पार करतो, आणि मग साठ-सत्तर मीटरच्या कड्याच्या तोंडाशी येतो. जे घसरून उतरला ते आता चढता येत नाही. सुटकेसाठी जाणाऱ्या पथकांना अडकलेली माणसे सापडतात ती अशाच जागी. पावसाळ्यात त्याच घळीत माथ्यावरच्या पठाराचे पाणी काही मिनिटांत भरते, खाली तेव्हा थेंबही नसतो.

माथ्यावर चुकण्याचे कारण वेगळे. पठारावर ढोरवाटा पन्नास, घाटात उतरणारी एकच. धुक्यात सगळ्या सारख्या. खऱ्या वाटेला खुणा असतात : खिंडीच्या तोंडाशी शेंदूर लावलेला देव, बहुधा वाघजाई नाहीतर वाघोबा, जवळ कातळात खोदलेले पाण्याचे टाके, बैल उतरेल अशी रुंद नागमोडी, मध्येच फरसबंदीचे दगड किंवा खोदीव पायऱ्या. नाणेघाटात तर सातवाहनांच्या काळापासून हे सगळे आहे, लेणे, शिलालेख, टाकी आणि माथ्यावरचा दगडी रांजण. तो रांजण जकातीचा, असे परंपरा सांगते. घाटाचा हिशेब एकाच नाक्यावर ठेवायची अक्कल आपल्याकडे नवी नाही.

तेव्हा मागणी अशी : वाटभर बाण नकोत. ऑइल पेंटचे बाण कातळ विद्रूप करतात, दोन पावसाळ्यांत अर्धवट पुसतात, आणि कुणीतरी चुकीच्या वाटेवर मारलेला जुना बाण नव्याइतकाच खरा वाटतो. फक्त फाट्यांवर खूण हवी. आपल्याकडे वनहद्दीला दगडी बुरूज रचायची पद्धत आहेच, तसाच गुडघाभर उंचीचा, घाटाचे नाव आणि क्रमांक कोरलेला दगड : ‘उपांड्या ४’. माथ्यावर पहिला, खिंडीच्या तोंडाशी दुसरा, प्रत्येक फसव्या फाट्यावर एक, आणि जिथे वाट ओढा ओलांडते तिथे एक. त्या ओढ्याच्या दगडावर एकच वाक्य : ‘ओढ्याने खाली उतरू नका, कडा आहे’. एका घाटाला दहा-बारा दगड भरपूर झाले. त्यांचे अक्षांश-रेखांश दोन्ही जिल्ह्यांच्या नियंत्रण कक्षात, दोन्ही पोलीस ठाण्यांत आणि वनपरिक्षेत्र कार्यालयांत ठेवा.

याचा उपयोग अपघातात कळतो. माणूस घळीत, मोबाइलला मिळाली तर रेंज कोकणातल्या टॉवरची, गाडी ठेवलेली घाटमाथ्यावर. ११२ ला फोन लागला तरी ‘तुम्ही कुठे आहात’ याला ‘जंगलात, धबधब्याच्या जवळ’ एवढेच उत्तर असते. ‘उपांड्या ४ च्या खाली दहा मिनिटे’ असे सांगता आले, तर कोणत्या बाजूने माणूस काढायचा हे तिथेच ठरते, आणि ते ठरणे महत्त्वाचे आहे. स्ट्रेचरला एका वेळी सहा जण लागतात, दर दहा-पंधरा मिनिटांनी बदली लागते, म्हणजे किमान अठरा माणसे. ती वरून येणार की खालून, रुग्णवाहिका केळदला उभी करायची की कर्णवाडीला, याचा निर्णय एक तास लांबला तर काळोख होतो. महाराष्ट्रात गिर्यारोहकांची सुटका पथके स्वयंसेवेने काम करतात, त्यांना बोलावणे कुणी धाडायचे हेही आदेशातच लिहा.

शिडी घाटातल्यासारख्या लोखंडी शिड्यांची तपासणी मे महिन्यात व्हावी. पायरी मजबूत दिसते, पण गंज धरतो तो कातळात शिरलेल्या बोल्टच्या मुळाशी, जिथे पाणी मुरते. हाताने हलवून शिडी खडखडली तर ती तपासणीत नापास. बदलता येत नसेल तर काढून टाका आणि लोकांना गणेश घाटाने पाठवा. अर्धी शाबूत शिडी मुळीच नसण्यापेक्षा वाईट, कारण ती पाहून लोक पुढे येतात.

एक विनवणी मात्र हात जोडून : या वाटांचा ‘विकास’ करू नका. सिमेंटच्या पायऱ्या, स्टीलचे कठडे, सेल्फी पॉइंटची कमान, जेसीबीने रुंदीकरण, यातले काही नको. जुन्या वाटेची नागमोडी प्रत्येक वळणावर पाणी बाहेर सोडते, म्हणून ती शतकानुशतके टिकली. सरळ खाली जाणारा सिमेंटचा जिना पावसाळ्यात ओढा होतो, पहिल्या वर्षी त्यावर शेवाळ येते, तिसऱ्या वर्षी त्याच्या कडेने माती वाहून तो अधांतरी लोंबतो, आणि मग लोक त्याच्या बाजूने नवीन घसरडी वाट पाडतात. वाटेला हवी असते ती दसऱ्यानंतर एकदा कोयत्याची फेरी. गावकऱ्यांचे जाणे-येणे गाडीरस्त्याने सुरू झाले की घाटवाटेवर कारवी आणि गवत माजते, तीन-चार पावसाळ्यांत वाट बुजते आणि मग लोक चुकतात. हे काम दोन्ही बाजूंच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांना मजुरी देऊन करून घ्या. ज्या बाप्यांना आणि बायांना ही वाट डोळे मिटून माहीत आहे, ती पिढी आता साठीच्या पुढे आहे.

अभयारण्यांचा प्रश्न कायद्याने सोडवता येईल इतका सोपा आहे, पण कुणी लिहून देत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २७ मध्ये अभयारण्यातल्या सार्वजनिक रस्त्याने जाणाऱ्याला प्रवेशबंदीतून सूट आहे, आणि कलम २८ खाली पर्यटनासाठी परवाना देता येतो. डांबरी घाटरस्ता पहिल्यात बसतो. पिढ्यान्पिढ्या देवाला, बाजाराला आणि माहेराला जायची घाटवाट कशात बसते, याचे उत्तर प्रत्येक वनरक्षक वेगळे देतो. भीमाशंकर, ताम्हिणी, कोयना या तिन्ही अभयारण्यांसाठी खुल्या वाटांची यादी नावानिशी लावा. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातली वाट बंद असेल तर आमचा काहीच वाद नाही, फक्त ते पायथ्याच्या गावात एसटी थांब्यावर लिहा, चार तास चढून गेल्यावर भेटणाऱ्या पाटीवर नको. रात्री अभयारण्यातून सायकल किंवा पायी जाणे सरसकट बंद करा, आम्ही पाठिंबा देतो. त्याच रात्री मोटारी मात्र साठच्या वेगाने बेडूक, खेकडे आणि सापांवरून जातात, त्याचेही बघा.

नोंदवहीबद्दल थोडेच. गावची वन समिती प्रवेशशुल्क घेते, पावती देते, ठीक आहे. पण माथ्यावर शिरलेला गट पायथ्याला बाहेर पडतो, आणि ती नोंद कुठेच जुळत नाही. पावतीवर संख्या, शिरण्याची वेळ, गटप्रमुखाचा फोन आणि उतरायचे गाव लिहा. खालच्या समितीने संध्याकाळी सहाला वरच्या समितीला फोन करून आकडा जुळवायचा. एवढ्याने माणूस हरवल्याचे दुसऱ्या दिवशी दुपारी कळण्याऐवजी त्याच संध्याकाळी कळते. २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाखाली नोंदणी असलेल्या आयोजकांनाही ही वही सुटू नये. पन्नास-साठ जणांचे गट एका घाटात सोडणाऱ्या आयोजकांना तर आधी सुटू नये.

उन्हाळ्याचे एक-दोन मुद्दे. फेब्रुवारी ते मे वणव्याचा काळ, त्यात माथ्यावरच्या गवताळ पठारावर मुक्काम आणि चूल दोन्ही बंद असावे, गॅसची शेगडीसुद्धा. कड्यांवर आग्या मोहोळ असलेले टप्पे पायथ्याच्या फलकावर लिहा. तिथे धूर, अत्तर आणि आरडाओरडा नको, हे शहरातून येणाऱ्याला आपोआप ठाऊक नसते.

हे सगळे एका वर्षात सगळ्या घाटांत होणार नाही, याची कल्पना आहे. पहिल्या वर्षी पाचच घ्या : वरंधा आणि आंबेनळी हे दोन रस्ते, आणि नाणेघाट, शिडी-गणेश, मढे-उपांड्या या तीन वाटा. वरंधा, शिडी-गणेश आणि मढे-उपांड्यासाठी पुणे आणि रायगड, आंबेनळीसाठी सातारा आणि रायगड, नाणेघाटासाठी पुणे आणि ठाणे, असे एका टेबलावर बसावे लागेल. बैठक १५ मेच्या आत व्हावी, म्हणजे मोऱ्यांची पहिली फेरी आणि शिडीची तपासणी पावसाआधी बसते. फाट्यांची यादी, प्रत्येक वाटेचा जीपीएस माग, आणि रस्त्यावरच्या फटी, जाळ्या, शेवाळी वळणे किलोमीटरवार असा कागद आम्ही दोन्ही बाजूंच्या कार्यालयांत एकाच दिवशी देऊ. पोच मात्र दोन्हीकडून हवी.

आपले,
सायकलने आणि पायी घाट चढणारे-उतरणारे